वीणा भुईला टेकत नाही

या, असं जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा, घोटभर पाणी प्या. महाराज आख्यानाला हात घालतात तेव्हा मागं टेकून बसलेली माणसं कशी आपोआप पुढं येतात, तसे या. गोष्ट लांबची नाही. आपल्याच जालना जिल्ह्यातली, कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जिथली माणसं पायी जाऊन येतात अशा एका गावातली. एका माणसाच्या खांद्यावर भर दुपारी सप्ताहाची वीणा होती आणि ती उतरवून घ्यायला अख्ख्या गावातून कुणी येईना, त्याची. ऐकाल तर सगळी सांगतो.

त्या साली पाऊस दसरा उलटला तरी हटला नव्हता. सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं. कापसाची बोंडं अर्धी उकलली आणि तशीच आवळून बसली. अशा बोंडाला आपल्याकडं कवडी म्हणतात. बोटानं उकरून उकरून कापूस काढावा लागतो आणि बोंडाची टोकं नखात शिरतात. बद्रीनाथ, त्याची बायको नंदाबाई आणि बारावी झालेली पोरगी मीना, तिघंही सकाळपासून कमरेला ओटी बांधून वाकलेली. चिखल पोटरीपर्यंत. गेला महिनाभर त्या घरात बोलणं कमीच झालं होतं.

मीनाला सरकारी नर्सिंगची जागा थोडक्यात हुकली होती. तिच्याच वर्गातल्या, तिच्याच बाकावरच्या फलकला लागली होती. मीनाचे मार्क नऊ जास्त. मराठ्यांच्या यादीत वर जाऊन कटऑफचा आकडा थांबला, ओबीसीच्या यादीत खाली येऊन थांबला, आणि नऊ मार्क मधल्या मध्ये राहिले. बद्रीनाथनं कुणबी नोंदीसाठी तहसिलात चार चकरा मारल्या होत्या. मोडी वाचणाऱ्या माणसानं जुन्या कागदावर बोट ठेवून सांगितलं होतं, "तुमच्या आज्ज्याच्या नावापुढं मराठा लिहिलंय. स्वच्छ लिहिलंय."

बांधावरून लुना फटफटत आली. मागं कापसाचं गाठोडं. फलकचा बाप, गाद्या भरणारा खुर्शीद पिंजारी उतरला, चपला हातात घेऊन चिखलात आला.

"बद्रीभाऊ, मंगळवारी पथक येऊन राह्यलं."

"कशाचं?"

"जात पडताळणीचं दक्षता पथक. फलकच्या व्हॅलिडिटीसाठी. घरी येऊन बघणार, आमी पिंजारी हाओत का न्हाई. सर्टिफिकेट तर हाये, पन ते तपासल्याबिगर शीट पक्की व्हत न्हाई." खुर्शीदनं खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. "सदुसष्टच्या आधीचा कागद मागत्यात. अब्बाचा शाळेचा उतारा निघाला, एकसष्टचा. पन त्यात जात लिवलीय, मुसलमान."

बद्रीनाथ कागदाकडं न बघता म्हणाला, "मंग?"

"आन पालक म्हून तुमच्या वडलाचं नाव हाये."

बद्रीनाथचा हात बोंडावरच थांबला.

"ते लोक म्हणून राह्यले, मुसलमानाच्या पोराचा पालक मराठा कसा? कागद दुसऱ्याचा तर न्हाई? ह्याचं उत्तर गावात एकच माणूस दिऊ शकतो, भाऊ. तुमी."

मीना वाकलेली होती ती ताठ झाली. ओटीतला कापूस तिनं आपल्या गाठोड्यावर ओतला आणि दुसऱ्या ओळीला निघून गेली. खुर्शीदनं तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"इचार करतो," बद्रीनाथ म्हणाला.

लुना गेल्यावर नंदाबाई बोलली. "इचार कशाचा करायलेत? माझी पोर इथं नखं रक्ताळून कवड्या येचून राह्यली, आन तुमी तिच्या डोक्यावरून गेलेल्या पोरीची साक्ष द्यायला जानार?"

"नंदे, ते पिंजारी न्हाईत का?"

"हाएत की! मी कुठं न्हाई म्हणते? माझ्या लग्नातली गादी मदारचाचानं भरलेली. पन हाएत ते दुसऱ्या कुनी सांगावं. गावात काय एकच तोंड हाये?"

त्या तोंडाचीच तर पंचाईत होती. मदारचाचा म्हणजे खुर्शीदचा बाप. त्याचाही बाप खांद्यावर पिंजायची कमान टाकून दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरायचा. पोराला शाळेत घालायला तो गावात नव्हता. बद्रीनाथच्या बापानं आपल्या धाकट्या भावाचा एक हात धरला, मदारचा दुसरा धरला आणि दोघांना शाळेत नेऊन बसवलं. मास्तरनं विचारलं, जात? बापानं भावाची सांगितली मराठा. आणि मदारची, जे गाव म्हणायचं तेच, मुसलमान. बाप ही गोष्ट मरेपर्यंत हसत हसत सांगायचा. मदार पहिल्या दिवशी पाटीवरची पेन्सिल खाऊन आला, त्या जागी हसायचा. बद्रीनाथनं ती शंभरदा ऐकली होती. आता आठवली तेव्हा हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडवरच्या हॉटेलात चहाला बसला. त्याचा चुलतपुतण्या बबलू तिथंच होता. आरक्षणाच्या आंदोलनात पंधरा दिवस घर सोडून बसलेला, आवाज बसेपर्यंत घोषणा दिलेला पोरगा. सप्ताहाच्या कमिटीतही तोच पुढं. बाजूच्या बाकड्यावर रिटायर झालेले अप्पाराव सर पेपर वाचत होते.

"काका," बबलू जवळ सरकला, "मंगळवारचं कळलं मला. खोटं बोला असं मी म्हणत न्हाई. माळकरी मानूस तुमी. निसतं माहीत न्हाई म्हणा. तुमचे वडील कवाच गेले. तुमाला काय माहीत एकसष्ट सालचं? तुमी जन्मलेबी नव्हते."

"तिची शीट गेली तर मीनाला मिळती का?"

"न्हाई मिळत. पन कळू द्या ना त्यांलाबी कसं वाटतं! आपुन नोंद नोंद करून तहसिलात चपला झिजवल्या. आपल्यासाठी कोन आलं साक्षीला? गरिबी काय जात इचारून येती का? रानात पाणी घुसलं तवा त्या पाण्यानं इचारलं का, तू मराठा हायेस का कुणबी?"

अप्पाराव सरांनी पेपर खाली केला. "न्हाई इचारलं, बबलू. तुझं बराबर हाये. पन मी शाळेत पाणी प्यायला गेल्तो तवा मला इचारलं होतं."

हॉटेलवाल्यानं चहाखालचा गॅस बारीक केला.

"सदतीस वर्सं शिकवलं मी," सर म्हणाले. "तुझ्या बापाला शिकवलं, तुला शिकवलं. अजूनबी कुनीतरी पाठीमागं म्हणतंच, कोट्यातले मास्तर."

"ते मी न्हाई म्हणलं कधी."

"न्हाई म्हणलास. आन तुझ्या रानात पाणी फलकनं न्हाई सोडलं."

बबलूचा चेहरा लाल झाला. "तुमचं झालं सर, तुमी पेन्शनीत बोलून राह्यले. मीनाला काय सांगू मी? मार्क जास्त घेतले ही तुझी चूक?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "पोरीचं दुःख खरं हाये रे," एवढंच म्हणाले.

बद्रीनाथचा चहा तसाच गार झाला. उठताना बबलू त्याच्या कानाशी लागला. "काका, आठ दिसांनी सप्ताह हाये. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

मंगळवारी पथकाच्या मॅडम आल्या. खुर्शीदच्या पत्र्याच्या शेडात पिंजायचं मशीन, कापसाचा धुरळा, भिंतीला टेकवलेल्या गाद्या. खुर्शीदच्या बायकोनं, मैमूनाभाभीनं, खुर्ची पुसली, परत पुसली. फलक पाणी घेऊन आली. तांब्याला पेला लागून किणकिणत होता. वयाची अठरा पुरी झालेली पोर, पण त्या दिवशी पाचवीतली दिसत होती.

"मशीन तर कुणीही घेतं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा सूर वाईट नव्हता. दिवसात अशी पाच घरं करणाऱ्या माणसाचा होता. "जुनं काही? परंपरागत हत्यार?"

"अब्बाची कमान हाये मॅडम. देवळाच्या खोलीत ठेवल्याली."

"देवळात?"

"सप्ताहाची गादी आमीच पिंजतो ना. म्हून."

माणूस पाठवला. तो हात हलवत परत आला. "खोलीची किल्ली सापडना म्हणत्यात."

दाराशी दहा-वीस माणसं जमली होती. त्यांच्यात बबलू होता. त्यानं वर आढ्याकडं बघितलं. माळी गल्लीतल्या दुकानदारालाही खुर्शीदनं साक्षीला बोलावलं होतं. तो आलाच नव्हता. ओबीसीची पंगत आधीच दाटीची, त्यात अजून एक पान कशाला मांडू, असं म्हणाला होता म्हणे.

मॅडमनी उतारा पुढं धरला. "बेचाळीस नंबरची नोंद. पालक म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांचे कुणी?"

बद्रीनाथ जोत्यावर बसला होता. नंदाबाई आली नव्हती. मीना आली होती. बायकांच्या मागं, पण त्या पदर दातात धरून उभ्या राहतात तशी नाही, सरळ, हात बांधून उभी होती. बापाकडंच बघत होती.

"मी," बद्रीनाथ उठला. "ते माझे वडील."

"या नोंदीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

माहीत न्हाई. दोन शब्द. जिभेवर येऊन बसलेले, बोराच्या बीसारखे. थुंकले की सुटला.

"सगळं माहीत हाये," तो म्हणाला. "त्येच्या वरचा एक्केचाळीस नंबर बघा. तो माझ्या चुलत्याचा. ह्या बबलूचा आज्जा. दोघाला एकाच दिवशी माझ्या वडलानं शाळेत घातलं. मदारचा बाप कापूस पिंजायला पैठणकडं गेल्ता. मास्तरनं जात इचारली, वडलानं मुसलमान सांगितली. त्यांला काय माहीत, पुढं ह्या शब्दावर पोरीची शीट अडकनार. चूक झाली. ती मदारची न्हाई, माझ्या बापाची."

मॅडमनी बोट एक ओळ वर नेऊन एक्केचाळीस नंबर बघितला. दोन्हीकडं पालक एकच. तारीख एकच.

"आणि हे पिंजारीच आहेत हे कशावरून?"

"मॅडम, आमच्या गावात सप्ताह उभा ऱ्हायच्या आधल्या दिवशी ह्यांची कमान देवळापुढं वाजती. महाराजांच्या गादीचा कापूस मोकळा व्हतो, समईच्या वातीचा व्हतो, मंग वीणा उभी ऱ्हाती. आधी कमान, मंग वीणा. मी जलमलो तवापसून ऐकून राह्यलो. हितं उभे हाएत त्या समद्यांनी ऐकलीय." तो दाराकडं वळला. "इचारा त्यांला, कुनी न्हाई म्हणतं का."

न्हाई कुणीच म्हणालं नाही. व्हय सुद्धा म्हणालं नाही. जबाब लिहून झाला, बद्रीनाथनं सही केली. त्याची सही लांबलचक होती. ती पूर्ण होईपर्यंत गर्दीतली निम्मी माणसं निघून गेली होती. मीनाही गेली होती.

घरी ताट वाढून ठेवलेलं होतं, पण वाढणारी समोर बसली नाही. मीना भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मीने."

"तिनं माझ्या नोट्स वाचल्या अण्णा," ती भिंतीलाच म्हणाली. "माझीच वही. माझे नऊ जास्त. नऊ. माझ्यासाठी तुमी कुठं सही केली?"

बद्रीनाथनं हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

चार दिवसांनी सप्ताह बसला. त्या वर्षी देवळापुढं कमान वाजली नाही. कमिटीनं जालन्याहून फोमची गादी आणली होती, प्लास्टिकसकट. वीणा मात्र उभी राहिली. तुम्हाला ठाऊकच आहे, एकदा उभी राहिली की सात दिवस, सात रात्री वीणा भुईला टेकत नाही. एकेका तासाचे वीणेकरी. फळ्यावर खडूनं नावं. पुढचा येतो, पाय धुतो, आधीच्याच्या पायाला हात लावतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. आधीचा मोकळा होतो.

तिसऱ्या दिवशी बाराचा तास बद्रीनाथचा होता. रानातून तसाच आला, पाय धुतले, वीणा गळ्यात घेतली. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. तारेवर बोट, मंडपात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पावलं. पावसानंतरचं ऊन, ओल्या मातीची वाफ, वर पत्रा. पारायणाची माणसं उठून पंगतीला गेली.

एक वाजला. पुढचा आला नाही.

येईल, बद्रीनाथला वाटलं. पंगतीत अडकला असेल. सव्वा झाला. दीड झाला. आमटीचा वास येत होता, वाढप्यांचे आवाज येत होते. माणसं हात धुवायला मंडपाजवळून जायची, त्याच्याकडं बघायची आणि हात पुसत निघून जायची. तेव्हा त्याला कळलं.

बबलू मंडपाच्या खांबाला टेकून मोबाइल बघत बसला होता.

"बबलू, एकाचा कुठाय रे?"

बबलूनं मान वर केली नाही. "माहीत न्हाई."

दोन वाजले, दोनाचाही आला नाही. वीणेचा पट्टा मानेत रुतला. सकाळपासून वाकून कापूस वेचलेली कंबर, तिथं खिळा मारल्यासारखं झालं. पाय सुजून तळवे जमिनीला चिकटल्यागत व्हायला लागले. त्यात लघवीला लागली. हे कुणाला सांगणार? पन्नाशीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर देवाची वीणा, आणि पोटाखाली कळ. तो दोन पावलं चालायचा, थांबायचा, मांड्या आवळायचा. ओसरीवरच्या दोन पोरांना ते कळलं. ती तोंडावर हात धरून हसली.

रामकृष्णहरी. खाली ठेवली तर गावाचा सप्ताह मोडला, आणि मोडणारा कोण, तर बद्रीनाथ. हेच पाहिजे होतं.

अडीचच्या सुमाराला मंडपाच्या कनातीबाहेर खुर्शीद येऊन उभा राहिला. डोळे भरलेले. "भाऊ, मी धरू का? पाय धुऊन येतो. अल्ला कसम, खाली न्हाई ठिवायचो."

बद्रीनाथनं मान हलवली. "नगं खुर्शीद. तू धरलीस की त्यांला बोलायला जागा भेटंल. जा तू. हितं उभा राहू नको." आणि मग हळूच, "कुनी माझ्या घरी सांगंल तर बघ."

तीन वाजून गेले, तिनाचाही फिरकला नाही. तोंडातलं नाव कोरडं पडलं होतं, नुसते ओठ हलत होते. डोळ्यांपुढं फळ्यावरची अक्षरं एकात एक मिसळली. एकदा तोल गेला. वीणेचा भोपळा खांबाला लागता लागता वाचला. बबलू झटकन उठून उभा राहिला, पण पुढं आला नाही.

तेवढ्यात नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. मीना रानातून आली होती. कमरेची ओटी तशीच, तिच्यात कापूस तसाच. तिनं पाय घासून धुतले, हात धुतले, बोटांच्या जखमांना पाणी लागलं तसं तोंड वाकडं केलं. मागं नंदाबाई, धापा टाकत.

मीना मंडपात चढली.

"ए पोरी," ओसरीवरून एक म्हातारा ओरडला, "बाईमाणसानं वीणा धरायचा रिवाज न्हाई आपल्यात!"

नंदाबाई जागच्या जागी वळली. "वीणा भुईला टेकवायचा तरी हाये का? एकाचा मानूस कुठं गेला ते सांगा आदी, मंग रिवाज सांगा मला! तीन तास झालं, तुमची पोटं भरली न्हवं?"

म्हातारा खोकला.

मीनानं बापाच्या पायांवर हात ठेवले. पाय भाजल्यासारखे गरम लागले. उठली, गळा पुढं केला.

"आणा अण्णा."

"मीने, तू..."

"मी फलकसाठी न्हाई आले," ती दातांतून बोलली, फक्त त्याला ऐकू जाईल एवढं. "साक्ष खरी दिली तुमी, ते मला तवाच कळलं. पन माझे नऊ मार्क गेलेच. ते मी कुनाला इचारू, हे सांगा मला एकदा. आता न्हाई. घरी गेल्यावर. आता आणा."

पट्टा त्याच्या मानेतून निघाला तेव्हा कातड्याचा पापुद्रा सोबत आला. पोरीच्या गळ्यात वीणा गेली. तिला तार धरता येत नव्हती. एकदा चुकली, मग बोट बसलं. रामकृष्णहरी. आवाज रडका होता, पण चढा होता.

बद्रीनाथ देवळामागच्या बाभळीपर्यंत कसाबसा गेला, मोकळा झाला आणि तिथंच बुंध्याला धरून उभा राहिला. पाय दुमडत नव्हते.

परत आला तेव्हा ओसरीवर माणसं वाढली होती. बायाही आल्या होत्या. मीना चालत होती आणि तिच्या ओटीतून कापसाचे पुंजके मंडपभर गळत होते, फोमच्या गादीपुढं, फळ्याखाली. ते वेचायला कुणी वाकलं नाही. चार वाजले. फळ्यावर चाराच्या तासापुढं नाव होतं बबलूचं.

बबलू खांबापाशी उभाच होता. त्यानं फळ्याकडं बघितलं. मग पायातली चप्पल काढली. नळावर गेला. फार वेळ पाय धूत राहिला. आला, बहिणीपुढं उभा राहिला, आणि रिवाज म्हणजे रिवाज, खाली वाकून त्यानं तिच्या, धुऊनही चिखलानं काळ्या राहिलेल्या पायांना हात लावला. वर बघितलं नाही. मीनानं वीणा त्याच्या गळ्यात दिली आणि ओटी सावरत मंडपातून उतरली.

पुढचं थोडं आहे. फलकचा कागद मार्गशीर्षात आला, मंजूर होऊन. ती नर्सिंगला गेली तेव्हा खुर्शीदनं स्वतः पिंजलेली गादी एसटीच्या टपावर बांधली. जाताना फलकनं बद्रीनाथच्या दारात एक वही ठेवली. मीनाची नोट्सची. मीना बाहेर आली नाही, पण वही घरात घेतली. त्या दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. मीनानं परत फॉर्म भरला आहे. दिवसा रान, आणि सांजवेळी ती वही. तिच्या प्रश्नाचं उत्तर बद्रीनाथला त्या दिवशी घरी गेल्यावर देता आलं नाही. अप्पाराव सरांनाही आलं नाही. मला विचाराल तर मलाही येत नाही.

म्हणून एवढंच मागतो. आपल्या गावचा सप्ताह बसेल, तुम्ही दर्शनाला याल, वीणेकऱ्याच्या पाया पडाल. त्या वेळी ओल्या कापसाची ओटी कमरेला बांधून उभी राहिलेली मीना मनात आणा, आणि पांडुरंगाला हात जोडताना तिचंही नाव घ्या. अजून कुठल्याच यादीत ते लागलेलं नाही.